पाणी अजून तयार नाही

कळसाडी, ता. शहादा
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

रोहिणी,

मासे मेले. सहाच्या सहा.

पत्राची सुरुवात अशी कोणी करत नाही, ठाऊक आहे मला. पण 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायला गेलो की पेन अडतो. साडेतीन वर्षांत मी तुला विचारलं नाही, तू मला सांगितलं नाहीस, मग खुशाली कसली लिहू? जे झालं ते लिहितो.

तुझी माय म्हणाली, तू नऊ नोव्हेंबरच्या रविवारी गाडी घेऊन येणार आणि तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरतेला नेणार. हेमांगी सोबत असेल. हेही म्हणाली की तू ओट्यावरच थांबणार, घरात पाऊल टाकणार नाहीस. बरं. हट्ट करण्यात तू माझ्यावरच गेलीस. पण बोलता बोलता माय आणखी एक सांगून गेली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रंगीत माशांचं दुकान आहे आणि हेमांगी बालवाडीतून येताना तिथं काचेला नाक लावून उभी राहते, ओढून आणावी लागते. एवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला गेलो. तीन फुटी काचेची पेटी आणली. उंबऱ्यातून बरोबर दिसेल अशी आतल्या खोलीत मांडली. खोटं कशाला बोलू, गळच टाकलाय मी. पोरगी आत धावली की मागोमाग तिच्या आईला यावंच लागेल.

दुकानदार भावेश म्हणून आहे, तिशीतला, बोलायला तिखट. तो म्हणाला, काका, पेटी आज न्या, मासे दीड महिन्याने न्या, आधी पाणी तयार होऊ द्या. मी म्हटलं, एकतीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, तू मला पाणी शिकवतोस? सहा मासे घेतलेच. लाल, केशरी, एक काळा. दुपारी पेटी नळाच्या पाण्याने भरली आणि सोडले. चार वाजता पहिला आडवा झाला. दिवेलागणीपर्यंत सगळे.

तुझी माय दारात उभी राहून बघत होती. एवढंच म्हणाली, "त्या पानीमा तुम्हनीच पावडर शे."

खरं आहे. जूनमध्ये मी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या कामावरून रिटायर झालो, आता लोटन ते काम बघतो. पण मी रोज सकाळी टाकीवर जाऊन त्याच्या डोक्यावर उभा राहतो, ब्लीचिंग पावडर नीट मोजून टाकतोय की नाही बघायला. माणसाला निर्धोक ते पाणी माशाला विष, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

हे पत्र मायकडे देतोय. तुझा पत्ता मला द्यायचा नाही असं तू तिला बजावलंयस, म्हणून पाकिटावर पत्ता तीच लिहील. मी डोकावणार नाही.

बापू

रविवार, ५ ऑक्टोबर

रोहिणी,

उत्तराची वाट बघत नव्हतो. पोस्टमन गल्लीत आला तेव्हा मी सहज ओट्यावर होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भावेशकडे गेलो. 'मी सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला असता तर दुकानातून उठून आलो असतो. तो तसं म्हणाला नाही. स्टूल दिलं, चहा मागवला आणि मग शिकवायला बसला. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, तो माशाला जाळतो. पाण्यात एक जातीचे जंतू असतात, ते अमोनिया खातात आणि त्याचं दुसरं विष करतात, नायट्राइट. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात, ते ह्या विषाचं साधं खत करतात. हे दोन्ही जंतू वाळूत, फिल्टरच्या स्पंजात आपलं आपण घर करतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा नाही. रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि वाट बघायची.

मी म्हटलं, अरे, म्हणजे जंतू पाळायचे? तो म्हणाला, हो काका, पाळायचे. आता सांग, ज्याने जन्मभर जंतू मारले, त्याच्या नशिबी हे!

पाणी बदललं. पिंपात दिवसभर उघडं ठेवलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. हे मला एकतीस वर्षं माहीत आहे, त्या दिवशीच आठवलं नाही. तुला आठवतं का, लहानपणी तू माझ्यासोबत नळावर यायचीस, बाटलीत पाणी धरायचीस आणि मी त्यात थेंब टाकायचो? पिवळं झालं की तू ओरडायचीस, 'पास!' काल मी पिंपातल्या पाण्यात तोच थेंब टाकला आणि पिवळं झालं नाही तेव्हा मला आनंद झाला. हिंमतराव वेडा झाला म्हणेल कोणी.

भावेशने दोन बाटल्या दिल्या आहेत, त्यांचे थेंब टाकून बघायचं. अमोनिया असला की हिरवं, गेला की पिवळं. नायट्राइट असलं की जांभळं, गेलं की आभाळी. पिवळं आणि आभाळी एकाच दिवशी दिसलं की पाणी तयार. आत्ता कच्चं हिरवं आहे. मी दिवसातून तीनदा बघतो. मायने विचारलं, भाकरी अशीच उचलून बघत बसलं तर फुगेल का? मी बाहेर गेलो, गल्लीत दोन चकरा मारल्या, परत येऊन चौथ्यांदा बघितलं.

नऊ तारखेला पस्तीस दिवस आहेत. बसतं गणित.

तू मागे आली होतीस तेव्हा मे महिना होता. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि तू पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून वावरत होतीस. आज उगाच आठवलं. हाताला कढईतलं तेल उडालं असं तू मायला सांगितलं होतंस.

बापू

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रोहिणी,

आज मी जे केलं ते तुझ्या मायला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितो.

परवापासून पेटीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. भावेशला फोन केला. तो म्हणाला, हे व्हायचंच, हात लावू नका, आपोआप निवळेल. हात लावू नका! बोलायला काय जातं त्याचं. मला जेवण जाईना. त्या खोलीत गेलो की अंगावर यायचं ते पाणी. अगं, गढूळ पाणी दिसलं की माझे पाय टाकीकडे पळायचे. पुराच्या साली आजूबाजूला जुलाब-उलट्यांची साथ होती आणि आपल्या गावात एक पोरगं आजारी पडलं नाही, ते कशामुळे? हिंमतराव चार वेळा टाकीवर चढला म्हणून. पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं, थेंब टाकायचा, पिवळं बघायचं, उतरायचं. एवढंच मला येतं.

आज सकाळी माय देवळात गेली होती. माझ्याकडे पावडरचा डबा आहे, पत्र्याचा, रिटायर झालो तेव्हा सवयीने घरी आणलेला. अर्धा चमचा टाकली. अर्ध्याच्या वर नाही. अर्ध्या तासाने थेंब टाकला. सुंदर पिवळं झालं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा छातीतलं ओझं उतरलं आणि मी खुर्चीत टेकलो. तिथं टेकल्यावर मला कळलं की मी काय केलं.

दहा दिवसांचे जंतू अर्ध्या तासात मारले. सगळं पहिल्यापासून. आता नऊ तारखेला सव्वीस दिवस उरले आणि लागतात चार ते सहा आठवडे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते माझ्यासारख्यालाच.

निवळेल, निवळेल. जीपमध्ये मी तुलाही हेच सांगत होतो, आठवतं? 'दोन दिवस जाऊ दे, सगळं निवळेल.'

पुरे झालं.

बापू

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

रोहिणी,

दिवाळी झाली. भाऊबीजेला घरात दोनच माणसं, आणि ती एकमेकांशी मोजकं बोलणारी. मायने चिवडा केला होता, तिखट झाला होता.

पावडरचं तिला कळलंच. वासानेच कळलं, एवढ्या वर्षांचा संसार आहे. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त डबा उचलून माझ्यासमोर ठेवला. मी तो त्याच दिवशी लोटनला नेऊन दिला आणि त्याला सांगितलं की उद्यापासून मी टाकीवर येणार नाही, तुझं तू बघ. बिचारा घाबरला, काही चुकलं का विचारायला लागला. मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही.

मग पेटीतलं पाणी बदललं आणि भावेशकडे जाऊन सगळं कबूल केलं. तो एवढा हसला की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. हसून झाल्यावर आत गेला आणि त्याच्या जुन्या पेटीतला स्पंज कापून एक तुकडा पिशवीत घालून दिला. काळा, बुळबुळीत, नाल्यासारखा वास. म्हणाला, ह्यात माझ्याकडचे जंतू आहेत, वर्षानुवर्षांचे. धुवायचा नाही, वाळू द्यायचा नाही, तसाच फिल्टरमध्ये ठेवा, थोडे दिवस वाचतील. मोटरसायकलवर पिशवी पोटाशी धरून आणली. ऐन दिवाळीत, घर सारवून-पुसून चकचकीत झालेलं, आणि मी ती घाण घेऊन दारात! माय म्हणाली, लक्ष्मी येताना लोक काय काय आणतात आणि आमचे हे बघा. पण धुतला नाही हो मी. हात शिवशिवत होते, तरी नाही धुतला.

काल दुपारी पाच तास लाइट नव्हती. फिल्टर बंद पडला की पाण्यातली हवा संपते आणि जंतू गुदमरतात, म्हणून स्टूल घेऊन बसलो आणि लोट्याने पाणी वर-खाली करत राहिलो. पाच तास. माय मध्ये एकदा आली, माझ्या हातातून लोटा घेतला आणि अर्धा तास तिने केलं.

काल जांभळं दिसायला लागलं. म्हणजे दुसरं विष आलं. हे चांगलं लक्षण आहे म्हणे.

तुला आता तीन पत्रं पोचली असतील. वाचतेस की नाही, ठाऊक नाही.

बापू

सोमवार, २७ ऑक्टोबर

रोहिणी,

तुला एकही पत्र पोचलेलं नाही. आज कळलं.

डाळीच्या डब्यात सापडली. तुरीची डाळ संपली म्हणून मी मोठ्या डब्यात हात घातला तर तळाला माझी चार पाकिटं. चिकटवलेली मी, फोडलेली तिने, पत्ता कोरा. माझ्या रागाचं तुला सांगायला नको. पाकिटं हातात घेऊन चुलीपुढे जाऊन उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. विश्वासघात म्हणालो, आणखी काय काय म्हणालो. ती भाकरी थापत होती. तव्यावरची उलटवली, हात पुसले आणि मग बोलली. ती बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"चार पत्रे लिखात तुम्हीन. पानी, मासा, पावडर, समदं शे त्यामा. मन्ही पोर कोठे शे?"

मी म्हटलं, पोरीलाच तर लिहिलंय सगळं.

"त्या दिन तुम्हीन काय देखं, ते लिखा. मंग मी पत्ता लिखसू." नंतर खाली बघून म्हणाली, "मी बी देखेल व्हतं. मी बी गप ऱ्हायनू. पन मी तिन्हा हात धरीसन तिले सांगेल शे. तुम्हीन आजून पानीच ढवळी ऱ्हायनात."

दुपारभर मी शेताच्या बांधावर जाऊन बसलो. कापूस वेचायला बायका लागल्या होत्या, त्यांनी दोनदा विचारलं, बापू, बरं नाही का? बरं होतं. लिहायला जमत नव्हतं. पत्र लिहायचं म्हटलं की हाताला शाळेची मराठी येते, आणि त्या मराठीत माणसाला लपायला पुष्कळ जागा असते. आता लिहितो.

त्या मे महिन्यात तू दहा महिन्यांची हेमांगी घेऊन आलीस, न कळवता. तिसऱ्या दिवशी सकाळी तू नळावर बादली भरत होतीस. बाही भिजू नये म्हणून तू ती कोपरापर्यंत सारलीस. मी मागे उभा होतो. मी तुझा हात पाहिला. गोल गोल डाग होते, एकाखाली एक, ओळीने. तेल असं ओळीने उडत नाही. बिडीचे डाग कसे असतात ते मला कळतं. जावई बिड्या ओढायचे हेही मला माहीत होतं.

मी पाहिलं आणि मागच्या मागे घरात आलो.

त्या दिवशी संध्याकाळी पारावर कोणीतरी विचारलं, पोरगी बरेच दिवस राहणार का? तेवढंच मला पुरलं. चौथ्या दिवशी सकाळी मी तुला सासरी सोडायला करमसिंगची जीप बोलावली. तुझी ओटी भरायला तांदूळ निवडलेले नव्हते, माय निवडत बसली होती, मी म्हटलं, असेच टाक, उशीर होतो. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर करमसिंगने जीप थांबवली आणि मला विचारलं, काका, परत फिरवू का? तू मागे पोरीला घेऊन डोळे मिटून बसली होतीस. तू ऐकलंस की नाही, ठाऊक नाही. मी म्हटलं, चल. त्या परक्या माणसाला कळलं आणि तुझ्या बापाला कळलं नाही, असं तू समजत असशील. तसं नाही. बापाला कळलं होतं. कळून नेऊन सोडलं.

त्यानंतर महिन्याने तू पोरीला घेऊन एकटी सुरतेला गेलीस, शिवणाच्या कारखान्यात लागलीस, हे मला लोकांकडून कळलं. मी लोकांना सांगितलं, पोरगी हट्टी आहे. आजवर तेच सांगत आलो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी तरी लागेल नाहीतर नाकारावी तरी लागेल, आणि हे काम पुन्हा तुझ्याच डोक्यावर. मी केलं, मला कळून केलं, एवढं कागदावर असू दे.

आधीची चार पत्रंही ह्याच पाकिटात घालतो. माय समोर बसली आहे. तिने हे वाचलं. आता ती पत्ता लिहितेय, आणि तिला नीट दिसत नाही म्हणून अक्षर मोठं काढतेय.

हिंमतराव, तुझा बाप

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रोहिणी,

हे पत्र तू येऊन गेल्यावर तुला मिळेल. तरी लिहितो, कारण मला बसवत नाही.

परवा तू येणार. मोठं पाकीट तुला पोचलं हे मायने फोनवर विचारून घेतलं. तू 'हो' म्हणालीस आणि दुसरं काहीतरी बोलायला लागलीस, म्हणे. मी तिला पुढचं विचारलं नाही.

पाणी अजून तयार नाही. अमोनिया गेला, पिवळं दिसतं. जांभळं जात नाही. आज सकाळी जांभळं, दुपारी जांभळं, आत्ता चारला जांभळं. स्पंजाने काम लवकर होईल, असं भावेश म्हणाला होता, झालंही, पण दहा दिवस मी मारले ते कुठून भरून निघणार?

आता मनात आलेलं सांगतो. उद्या संध्याकाळी दोन मासे आणून सोडले तर ते रविवारी दुपारपर्यंत नक्की जगतील. भावेशला विचारलं, तोही म्हणाला, जगतील, मग दोन-चार दिवसांत त्रास सुरू होईल. तू तर दोन तासांत जाणार. हेमांगीला दिसतील पोहताना. ती आत धावेल. मागाहून ते मेले तर सुरतेत कोणाला कळणार? मी गुपचूप परसात पुरेन. तुझ्या मायलाही कळणार नाही, ती तुझ्याकडे असेल.

रिकामी पेटी बघायला कोणतं पोर आत येतं? बाहेरूनच म्हणेल, काही नाही यात. आणि तू ओट्यावरूनच मायला घेऊन जाशील, मग पुढची वेळ कधी, कोणास ठाऊक.

सकाळपासून चार वेळा मोटरसायकलची चावी हातात घेतली.

बापू

रविवार, २३ नोव्हेंबर

रोहिणी,

मायचं ऑपरेशन चांगलं झालं, तिने स्वतः फोन केला. म्हणाली, भिंतीवरच्या पालीचे डोळेसुद्धा दिसतात. तिला आणखी महिनाभर ठेवून घे. घाई करू नकोस, तिने केली तरी. जाताना ती पत्ता लिहिलेलं पाकीट लोटनकडे ठेवून गेलीय, हे पत्र तोच त्यात घालून टाकेल.

तू त्या दिवशी ओट्यावर होतीस, आत काय झालं ते तुला पुरतं दिसलं नाही, म्हणून सांगतो.

शनिवारी मी शहाद्याला गेलो होतो. दोन केशरी मासे पिशवीत भरून घेतले. गावाबाहेर आलो, उसाच्या गाड्यांमुळे रस्ता अडला होता, म्हणून मोटरसायकल बाजूला लावून उभा राहिलो. पिशवी हँडलला लटकवलेली. ते दोघे आत एकमेकांना चिकटून होते, हलत नव्हते. मला करमसिंगची जीप आठवली. गाडी फिरवली आणि भावेशच्या टेबलावर पिशवी ठेवून आलो. ह्या वेळी तो हसला नाही.

रविवारी हेमांगी गाडीतून उतरली आणि दारातून तिला पेटीतला उजेड दिसला. ती तशीच पळत आत आली, चपलांसकट. काचेला नाक लावलं. मी कोपऱ्यात उभा होतो, मला तिने अजून पाहिलं नव्हतं. सगळीकडे शोधलं, वाळूत, दगडामागे. मग वळून मला गुजरातीत म्हणाली, "नाना, माछली क्यां छे?"

पहिलाच शब्द तिचा माझ्याशी. मग म्हटलं, बेटा, पाणी अजून तयार नाही. आत्ता मासे सोडले तर त्यांना जळजळ होईल. तिने विचारलं, कधी तयार होईल? मी म्हटलं, ते मला नाही सांगता येत. पाणी सांगेल तेव्हा.

तेव्हा तुझा आवाज आला बाहेरून. साडेतीन वर्षांनी.

"पानी आजून तयार नही, आसं तुम्हीन म्हनी ऱ्हायनात?"

मी म्हटलं, हा, मी म्हनी ऱ्हायनू.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायचं आहे. तू चपला काढल्यास. उंबरा ओलांडलास. पेटीपाशी आलीस आणि हेमांगीशेजारी उभी राहिलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस होता तुझा. हात काचेवर ठेवलास, आणि आतल्या दिव्याच्या उजेडात ते डाग दिसले, पांढरे पडलेले, एकाखाली एक. मी पाहिले. ह्या वेळी मान वळवली नाही. तू काचेत माझ्याकडे बघत होतीस, मी पाहतोय हे तू पाहिलंस. हात काढला नाहीस. मग म्हणालीस, माय, चल, ऊन वाढतंय. चहा घेतला नाहीस, पाणीही नाही. ठीक आहे.

मला त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही रडू येत होतं. लाज वाटत नाही लिहायला.

आता पाण्याचं. शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी पिवळं आलं आणि आभाळीही. विश्वास बसला नाही म्हणून दुपारी परत बघितलं. तसंच. पाणी तयार झालं. भावेश म्हणाला, काका, या, आज सहा नेता की आठ?

मी म्हटलं, एकही नाही. जाताना हेमांगीने गाडीच्या खिडकीतून मला दम दिलाय, मी आल्याशिवाय माछली टाकायची नाही. मी हो म्हणालो आहे.

भावेश म्हणाला, मग रिकामी पेटी ठेवली तर जंतू उपाशी मरतील, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. ठेवायचेच असतील तर मासे आहेत असं समजून रोज खाद्य टाकत राहा. तेच करतोय. रोज सकाळी सात वाजता चिमूटभर. मासे नाहीत, तरी. शेजारची फुलीबाई खिडकीतून बघते आणि विचारते, बापू, कोणाला जेवायला घालताय? मी म्हणतो, यायची आहेत.

कधी, ते मी विचारत नाही. नाताळात ये, उन्हाळ्यात ये, हेमांगी मोठी झाल्यावर ये. चार दिवस राहा, चाळीस राहा, कायमची राहा. पारावर कोणी विचारलं तर काय सांगायचं ते माझं मी बघतो. जीप कोणी बोलावणार नाही. आणि नाहीच आलीस, तरी चिमूट चुकणार नाही.

सात वाजले. टाकून येतो.

बापू